ला स्पेत्सियात एक दिवस : जहाजावरून उतरणाऱ्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘फ्लॉरेन्स-पिसा’ असं छापलेलं असतं. फ्लॉरेन्सला समुद्र नाही. जहाज लागतं ते ला स्पेत्सियाला किंवा लिव्होर्नोला. हे पत्रक ला स्पेत्सियाचं आहे. तुमच्या तिकिटावर लिव्होर्नो असेल तर हे बाजूला ठेवा आणि त्या बंदराचं पत्रक मागून घ्या. तिथली स्टेशनं, अंतरं, सगळंच वेगळं आहे.

इथून फ्लॉरेन्स रस्त्याने सुमारे १५० किमी. जाऊन-येऊन पाच तास प्रवासातच जातात, आणि हाती उरतात कशीबशी तीन तासांची धावपळ आणि कथेड्रलसमोरचा एक फोटो. पिसा त्यापेक्षा जवळ आहे, पण झुकता मनोरा पाहून झाला की दिवसाचा ऐन भाग संपलेला असतो. ज्यांना फ्लॉरेन्स पाहायचंच आहे त्यांनी जहाजाचीच सहल घ्यावी. ती महाग असते, पण तिच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी थांबत नाही. बाकीच्यांना आमचा सल्ला एकच : लांब जाऊ नका. बंदराचं शहर, खाडीकाठची गावं आणि चिंक्वे तेर्रे या डोंगराळ किनारपट्टीतल्या पाच गावांपैकी दोन, एवढं एका दिवसात निवांत होतं.

दोनच का? पाच गावं ‘करणाऱ्यांचा’ निम्मा दिवस फलाटावर उभं राहण्यात जातो, म्हणून.

घड्याळ शेवटाकडून लावा

दिवसाची आखणी उतरण्याच्या वेळेवरून करू नका, परतीच्या वेळेवरून करा. जहाज सुटण्याची वेळ आणि ‘ऑल अबोर्ड’ची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी साधारण अर्ध्या ते एक तासाने आधीची असते, आणि शिडी त्याच वेळेला बंद होते. आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या दैनिक पत्रकात ती दिलेली असते. जहाजाचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं घड्याळ एकच आहे ना, हेही तिथेच तपासा. काही मार्गांवर दोन्हींत एक तासाचा फरक पडतो आणि फोन मात्र स्वतःहून किनाऱ्याची वेळ दाखवू लागतो.

समजा, ऑल अबोर्ड १७:३० ला आहे. बंदराच्या फाटकाशी १६:३० ला पोहोचायचं. त्यासाठी ला स्पेत्सिया स्टेशनवर १६:०० ला उतरायला हवं, म्हणजे गावातून १५:३० च्या आसपासची गाडी धरायची. पण दुपारी तीननंतर सगळ्याच जहाजांचे प्रवासी एकाच वेळी परत निघतात आणि पहिल्या गाडीत चढायला मिळेलच असं नाही. म्हणून एक गाडी सोडावी लागेल असं धरून १५:०० ला फलाटावर उभं राहा. हा अर्धा तास वाया जातो असं वाटलं तरी तो कापू नका. कापायचंच तर सकाळच्या न्याहारीतून कापा. साडेसातला जहाजाबाहेर पडलेला माणूस आणि साडेनऊला बाहेर पडलेला माणूस, यांचे दोन वेगळे दिवस असतात.

बंदरातून बाहेर

हे मालवाहतुकीचं मोठं बंदर आहे. धक्क्यावर कंटेनरच्या क्रेन आणि ट्रक चालू असतात, त्यामुळे जहाजापासून फाटकापर्यंत चालत जाऊ देत नाहीत. बंदराची शटल बस प्रवासी टर्मिनलवर आणून सोडते. जहाजाचं कार्ड आणि पासपोर्टची छायाप्रत दोन्ही जवळ ठेवा. कार्डाशिवाय परत आत सोडत नाहीत. पासपोर्ट कित्येकदा जहाजाच्याच ताब्यात असतो आणि तसं असेल तर काळजीचं कारण नाही.

टर्मिनलच्या बाहेर पडताच फलक घेतलेली मंडळी भेटतील : टॅक्सी, व्हॅन, ‘पाच गावं चार तासांत’. मान हलवून पुढे चला. रेल्वे स्टेशन चालत २५ मिनिटांवर आहे. समुद्रकाठच्या रुंद, पामच्या झाडांच्या रस्त्याने थोडं जायचं आणि व्हिया देल प्रिओने या फक्त पादचाऱ्यांच्या गल्लीत उजवीकडे वळायचं. ही गल्ली जुन्या शहराच्या मधोमध सरळ वर जाते. शेवटचा तुकडा चढाचा आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी टर्मिनलवरून टॅक्सी करावी, पण बसण्याआधी भाडं विचारून घ्यावं.

स्टेशनचं पूर्ण नाव ला स्पेत्सिया चेंत्राले. ला स्पेत्सिया मिल्यारीना नावाचं दुसरं स्टेशनही आहे. परतीच्या वाटेवर ‘ला स्पेत्सिया’ एवढंच ऐकून उठू नका.

रेल्वे आणि तिकिटं

चिंक्वे तेर्रे एक्स्प्रेस ही खरं तर लोकलच आहे : ला स्पेत्सिया ते लेव्हांतो, वाटेत पाचही गावांत थांबणारी. हंगामात, म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, तासाला दोन-तीन गाड्या असतात. पहिलं गाव रिओमाज्जोरे ८-९ मिनिटांत येतं, शेवटचं मोंतेरोस्सो २५ मिनिटांच्या आत. जवळजवळ सगळा मार्ग बोगद्यातून आहे, तेव्हा खिडकीच्या जागेसाठी भांडण्यात अर्थ नाही. त्याच रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्याही जातात, आणि त्या या गावांत थांबत नाहीत. फलाटावरच्या पाटीत थांब्यांची नावं सरकत असतात. आपल्या गावाचं नाव दिसल्याशिवाय चढू नका.

गाडी, पायवाटा आणि स्टेशनावरची स्वच्छतागृहं असं सगळं धरून दिवसाचं एक कार्ड मिळतं. त्याचे दर तारखेनुसार बदलतात, गर्दीच्या दिवशी चढे असतात. सुट्या तिकिटाचा दरही हंगामानुसार ठरतो. हिशेब साधा आहे : ला स्पेत्सियातून एक गाव, तिथून दुसरं, तिथून परत, अशा तीनच फेऱ्या असतील तर बहुधा सुटी तिकिटं स्वस्त पडतात. चौथी फेरी आली किंवा पायवाट चालायची असली की कार्ड घ्या. घरी असतानाच फोनवर घेतलेलं उत्तम, कारण सकाळी नऊच्या सुमारास स्टेशनच्या खिडकीवरची रांग पाऊण तासाची होऊ शकते. कागदी तिकीट किंवा कार्ड घेतलंत तर चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा. तिकीट काढलेलं आहे पण शिक्का नाही, म्हणजे तपासनीसाच्या लेखी विनातिकीट. इथे वाद घालून उपयोग होत नाही.

वेर्नात्सा आणि रिओमाज्जोरेचे फलाट तोकडे आहेत. गाडीचे काही डबे बोगद्यातच उभे राहतात. बाहेर काळोख दिसतो म्हणून लोक बसून राहतात आणि पुढच्या गावाला पोहोचतात. दार उघडलं की उतरायचं, बोगद्यात असलं तरी. तिथे चालायला पट्टी आहे, दिवेही आहेत. परतताना उलट युक्ती : सगळी गर्दी जिन्याच्या तोंडाशी दाटलेली असते, तेव्हा चालत फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथे डबे रिकामे येतात.

संपाचा विचार आधीच करून ठेवा. इटलीत रेल्वेचा संप म्हणजे ‘शोपेरो’. तो आधी जाहीर होतो आणि बहुतेकदा शुक्रवारी असतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक लोकल चालवाव्याच लागतात असा नियम आहे, आणि हॉटेलात राहणाऱ्यांना तेवढं पुरतं. तुमचं जहाज मात्र संध्याकाळी सहाला सुटायच्या बेतात असतं. संपाच्या दिवशी सकाळी गाडी मिळेल, दुपारी मिळणार नाही. अशा दिवशी रेल्वेच्या वाटेला जाऊ नका, खाली दिलेला खाडीचा बेत धरा.

कोणती दोन गावं

आधी लांबचं, मग जवळचं. सकाळी थेट वेर्नात्साला जा, दुपारी मानारोलाला या आणि तिथून परता. उलट केलंत तर सकाळी सगळी गर्दी तुमच्याबरोबरच पुढे सरकते, आणि दुपारी काही बिघडलं तर तुम्ही बंदरापासून सर्वांत लांब असता.

वेर्नात्साला खऱ्या अर्थाने बंदर आहे : दगडी बांध, त्याच्या आत ओढून ठेवलेल्या होड्या, आणि पाण्याला टेकून उभं असलेलं सांता मार्गेरिताचं चर्च. गाव ओढ्याच्या काठावर नव्हे, ओढ्यावरच बसलंय. मुख्य रस्त्याखालून ओढा वाहतो. २५ ऑक्टोबर २०११ ला तो फुटला आणि चिखल-दगडांनी तळमजले भरून गेले. मोंतेरोस्सोलाही त्याच दिवशी फटका बसला. शरद ऋतूत जोराचा पाऊस असेल तर पायवाटा बंद करतात त्यामागे हे कारण आहे. बंद फाटकावरून उडी मारून जाऊ नये.

मानारोलाचा जो फोटो सगळीकडे दिसतो, तो गावातून नाही, समोरच्या टेकाडावरून काढलेला असतो. बंदराच्या उजव्या अंगाने पाच मिनिटं चालत जा. तिथूनच डोंगरावरच्या द्राक्षांच्या पायऱ्या नीट दिसतात. चुना-मातीशिवाय दगडावर दगड बसवून घातलेल्या या ताली शतकानुशतकं हाताने राखल्या गेल्या. एक दगड सुटला की पाणी आत शिरतं, मागची माती फुगते आणि भिंत पोटातून पुढे येते. कोकणात गडगा घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उतार इतका उभा आहे की द्राक्षांच्या पेट्या उतरवायला एका रुळावरची दातेरी चाकांची छोटी गाडी वापरतात. झुडपांतून जाणारा लोखंडी रूळ दिसला तर तो तोच.

मोंतेरोस्सो फक्त पोहायचं असेल तर. पाचांत लांबरुंद वाळूचा किनारा तिथेच आहे, आणि चढही सर्वांत कमी. कोर्नील्या समुद्रापासून शंभरेक मीटर उंचीवर आहे. स्टेशनापासून वर ३८२ पायऱ्या, किंवा छोटी बस आणि तिची रांग. एका दिवसाच्या पाहुण्याने ते सोडावं.

रिओमाज्जोरे ते मानारोला ही कड्यात कोरलेली वाट, व्हिया देल्लामोरे, म्हणजे प्रेमाची वाट. २०१२ मध्ये दरड कोसळून ती बंद झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा उघडली. जेमतेम एक किलोमीटरची सपाट चाल आहे, पण वेळ आधी आरक्षित करावी लागते आणि वेगळे पैसे पडतात. आरक्षण नसेल तर फाटकावर जाऊन विनवण्या करू नका. बाकीच्या पायवाटा खरोखरीच्या डोंगरवाटा आहेत. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा साडेतीन किलोमीटर असली तरी दोन तास लागतात. चपला किंवा गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून या वाटांवर जायला मनाई आहे, दंडही होतो.

बोटीने जायचं तर

मोरीन नावाच्या समुद्रकाठच्या फिरण्याच्या जागेवरून लाँच सुटतात. टर्मिनलपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. पोर्तोव्हेनेरे, मग रिओमाज्जोरे, मानारोला, वेर्नात्सा, मोंतेरोस्सो. कोर्नील्याला धक्काच नाही. डोंगर, गावं आणि ताली एकत्र दिसतात ते समुद्रावरूनच. रेल्वेतून बोगद्यांशिवाय काही दिसत नाही. पण मोंतेरोस्सोपर्यंत एका बाजूला दोन तासांच्या आसपास जातात. म्हणून जाताना बोट आणि येताना रेल्वे असं करा, उलट कधीच नको.

खाडीच्या तोंडावर सव्वादोन किलोमीटर लांबीची लाटरोधक भिंत आहे, त्यामुळे आत पाणी तळ्यासारखं असतं. त्यावर विसंबू नका. पोर्तोव्हेनेरेची सामुद्रधुनी ओलांडली की नैर्ऋत्येचा वारा, लिबेच्चो, थेट अंगावर येतो. गावांचे धक्के म्हणजे खडकावरचा चौथरा आणि बोटीतून टाकलेली अरुंद फळी. लाट वाढली की बोट त्या गावाला न थांबता पुढे जाते किंवा फेरीच रद्द होते. पावसाळ्यात मांडव्याची लाँच का बंद असते हे माहीत असलेल्यांना आश्चर्य वाटणार नाही. तिकीट घेताना ‘आज रिओमाज्जोरेला बोट लागतेय का’ एवढं विचारा. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर चिंक्वे तेर्रेची बोट टाळा.

खाडीचा बेत : पोर्तोव्हेनेरे आणि लेरिची

गर्दी नको असलेल्यांना, ज्येष्ठांना आणि संपाच्या दिवशी सगळ्यांनाच आम्ही हा बेत सुचवतो. पोर्तोव्हेनेरेला रेल्वे नाही. शहरातून बसने वळणावळणाच्या रस्त्याने अर्धा तास, किंवा बोटीने साधारण तेवढाच वेळ. गाडी लागणाऱ्यांनी बोटच घ्यावी. किनाऱ्यावर एकमेकांना खेटून उभी असलेली उंच, अरुंद, रंगीत घरं पूर्वी तटबंदीचंच काम करत. टोकाला, समुद्रात घुसलेल्या खडकावर, काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचं सान पिएत्रोचं चर्च आहे. हे गाव, चिंक्वे तेर्रे आणि समोरची पाल्मारिया, तीनो, तीनेत्तो ही बेटं मिळून १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

बोटीतून जाताना पाण्यावर काळ्या-निळ्या पिंपांच्या रांगा दिसतील. त्यांच्याखाली जाळीच्या लांब पिशव्यांत शिनाणे वाढवतात. बाकी इटलीत त्यांना ‘कोत्से’ म्हणतात, इथे ‘मुस्कोली’. मेन्यूत हा शब्द दिसला तर तो स्नायू नव्हे, शिंपलीच.

लेरिची पूर्वेच्या बाजूला, बसने अर्ध्या तासावर : किल्ला, अर्धगोल बंदर, आइस्क्रीम आणि बसायला बाकं. कवी शेली शेजारच्या सान तेरेंत्सोत राहत होता आणि १८२२ च्या जुलैत लिव्होर्नोहून होडीने परतताना बुडाला. या खाडीला कवींची खाडी म्हणतात ते त्याच्या आणि बायरनच्या नावामुळे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी खाडीकाठच्या तेरा वस्त्यांच्या वल्हवण्याच्या शर्यती असतात. तुमचं जहाज त्या दिवशी असेल तर कुठेही जाऊ नका, मोरीनवरच बसा.

शहर, बाजार आणि जेवण

ला स्पेत्सियाला पर्यटक फक्त स्टेशन समजतात. हे मूळ नौदलाचं शहर. १८६०च्या दशकात दोमेनिको कियोदो या लष्करी अभियंत्याने इथलं आर्सेनाल, म्हणजे नौदलाची गोदी, बांधलं आणि गावाचं शहर झालं. त्याच्या दाराशीच नौदलाचं संग्रहालय आहे. जुन्या गलबतांच्या नाळेवरच्या लाकडी पुतळ्यांसाठी तासभर द्यावा. इटालियन नौदलाचं अमेरिगो व्हेस्पुच्ची हे १९३१ सालचं शिडाचं जहाज २०२४ च्या अखेरीस मुंबईत आलं होतं, ते इथलंच. नांगरलेलं असेल तर त्याच्या तीन डोलकाठ्या लांबूनही ओळखू येतात.

सकाळी पिआत्सा कावूरच्या छपराखालच्या बाजारात चक्कर मारा. मासळीचा भाग लवकर आटोपतो, रविवारी बाजार नसतो. चांदीसारखे छोटे अँकोवी दिसतील. आपली मांदेली याच कुळातली. मोंतेरोस्सोत ते मिठाचे थर देऊन बरणीत दाबून ठेवतात.

शाकाहारी मंडळींसाठी हे बंदर इटलीतल्या बहुतेक ठिकाणांपेक्षा सोपं आहे. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस्स. तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, मधे मऊ. आपल्या पोळ्याचं हे भट्टीतलं भावंड. कांदा-लसूण नाही, अंडं नाही, त्यामुळे जैन प्रवाशांनाही चालतं. फक्त ‘साधं’ मागा, वर कांदा किंवा चीज घातलेले प्रकारही असतात. मेस्च्युआ ही बंदरातल्या हमालांच्या घरची कडधान्यांची आमटी : हरभरे, पांढरा घेवडा आणि गहू वेगवेगळे शिजवून एकत्र करायचे, वरून कच्चं तेल आणि मिरपूड. फाटक्या पोत्यांतून धक्क्यावर सांडलेले दाणे वेचून बायकांनी ती रांधली असं सांगतात. म्हणून तर धान्यांचा असा मेळ.

पेस्तो, म्हणजे बेझिलच्या पानांची चटणी, मात्र विचारून खा. त्यात लसूण असतोच, पास्त्याबरोबर बऱ्याचदा बटाटाही असतो. शिवाय पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवतात. कडक शाकाहारी असाल तर ‘सेन्त्सा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, एवढे दोन शब्द लक्षात ठेवा. पण तयार पेस्तोतून चीज काढता येत नाही, तेव्हा दुसरं काही मागा.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसतील. ती फसवणूक नाही, टेबलाचे पैसे आहेत. कॉफी उभ्याने घेतली की स्वस्त, बसून घेतली की महाग. दुकानं साडेबारा-एकपासून साडेतीनपर्यंत बंद असतात, स्वयंपाकघरं अडीचला आवरतात. पाण्याची बाटली जवळ ठेवा, गावांतल्या नळांचं पाणी पिण्याजोगं असतं. नाण्यांत पाच-सहा युरो सुटे असू द्या.

शक्केत्रा ही इथली गोड वाइन, सावलीत सुकवलेल्या द्राक्षांची. बाटली लहान, किंमत मोठी, कारण वाळलेल्या द्राक्षांतून रस थोडाच निघतो. घेतलीत तर जहाजावर चढताना ती जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. पावती जपून ठेवा.

जहाज चुकलंच तर

दैनिक पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. सकाळी निघताना त्याचा फोटो काढून ठेवा. उशीर होतोय असं दिसताच लगेच, जहाज सुटायच्या आधी, फोन करा. जहाज सुटताना प्रवासी आलेला नाही असं दिसलं, तर पासपोर्ट बऱ्याचदा खोलीतल्या तिजोरीतून काढून या एजंटकडे ठेवतात, म्हणून तिजोरीचं कुलूप हे अडचणीचं कारण समजू नका. पुढचं बंदर चिव्हितावेक्क्या असेल तर रेल्वेने तीन-साडेतीन तास, जेनोव्हा असेल तर तास-दीड तास. दोन्हीकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाला गाठता येतं. पुढचं बंदर शेंगेन देशांबाहेर असेल तर पासपोर्ट हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे की अनेकदा, हे निघण्याआधीच पाहून ठेवा. नियमित घेण्याची औषधं दोन दिवसांची जवळच्या पिशवीत असू द्या, खोलीत नकोत.